शिंग वाजल्यानंतर

९ सप्टेंबर २०२४

प्रिय सेवेरिन,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. पडू दे. चौदा वर्षांनी थोरल्या भावाचं पत्र आलं म्हणजे कुणीतरी गेलं असणार, असं मनात आलं असेल तर तसं काही नाही. सगळे जिवंत आहेत. द्रावा नदीला यंदा पाणी कमी आहे, वर्कशॉपचं छप्पर नवीन केलं, आणि मी अजून सकाळी सातला कामाच्या टेबलापाशी असतो. तू ग्राझमध्ये शिलाई मशीन दुरुस्त करतोस असं कानावर आलं. चांगलंच आहे. तुझा हात लागला की कुठलंही यंत्र शहाण्यासारखं वागायला लागतं.

पत्र कामापुरतं आहे. माझी ओटिली आठवते ना? तू गेलास तेव्हा दहा वर्षांची होती. आता चोवीसची आहे आणि वसंतात बंदूककामातल्या मास्टरच्या परीक्षेला बसतेय. परीक्षेला स्वतःच्या हातांनी एक हत्यार करून न्यावं लागतं, ते तुला सांगायला नको. मी म्हटलं, दोन नळ्यांची बंदूक कर, दस्त्यावर हरीण कोर, परीक्षक खूश होतील. तर म्हणते, "पप्पा, दोन नळ्यांची बंदूक सगळेच करतात. काकाची रायफल दुसऱ्या कुणी केलीच नाही."

तर तिला तुझी रायफल करायची आहे. सरळ ओढायची.

परवा जुन्या ग्राहकाला मी तुझी कल्पना समजावत होतो. म्हटलं, आपली नेहमीची रायफल म्हणजे चार हालचाली. मूठ वर उचला, मागे ओढा, पुढे ढकला, खाली दाबा. तेवढ्यात नजर दुर्बिणीवरून हलते आणि डुक्कर शेजारच्या खोऱ्यात पोचलेलं असतं. सेवेरिनच्या रायफलीत दोनच. मागे, पुढे. दस्ता खांद्यावरून हलत नाही, डोळा दुर्बिणीवरून हलत नाही. काडतूस आत ढकलणाऱ्या बोल्टच्या तोंडाशी दहा पाकळ्यांची कडी. बोल्ट पुढे गेला की पाकळ्या उमलतात आणि नळीच्या आतल्या खाचेत सगळीकडून सारख्या बसतात. त्या पुऱ्या बसल्या नाहीत तर ठोकायची पिन काडतुसापर्यंत पोचतच नाही. नळी बदलायची तर दोन स्क्रू. चाप आणि मॅगझीन एकाच तुकड्यात, दोन बोटांनी दाबलं की हातात येतं. आणि सेफ्टीचा खटका नाहीच. स्प्रिंग मुळात सैल. मारायच्या क्षणी अंगठ्याने पट्टी पुढे ढकलायची, तेव्हा ती ताणली जाते. विचार बदलला तर त्याच अंगठ्याने पुन्हा सैल करायची. काडतूस आत असूनही रायफल मुकी. ग्राहक म्हणाला, "मग ही बाजारात का नाही?" मी विषय बदलला.

वडिलांनी पहिल्यांदा ती हातात घेतली तेव्हा काय म्हणाले होते, आठवतं? "का रे, आजकाल डुकरंही घाईत असतात वाटतं?" आणि मग संध्याकाळपर्यंत खाली ठेवली नाही.

अडचण एवढीच की परीक्षक म्हणतात, या रचनेच्या नावावर अपघात आहे. २०१०च्या नोव्हेंबरातल्या हाक्यात माझ्या हातातून गोळी सुटली आणि हाकाऱ्यांमधल्या हान्झीच्या गुडघ्यात बसली. रायफल तुझी होती, पहिलीच तयार झालेली. कोर्टाच्या तज्ज्ञाने लिहिलं की बोल्ट जोरात पुढे ढकलला की ती चाप न ओढता सुटते. झालं ते झालं. अपघात होता, त्यात कुणाला दोष द्यायचा? तू उगाच मनाला लावून घेतलंस आणि गाव सोडलंस.

तेव्हा दोन ओळी लिहून पाठव: पाकळ्यांना पाणी किती अंशांवर द्यायचं, आणि ओटिलीने ही रायफल केली तर तुझी हरकत नाही ना.

तुझा भाऊ,
वेंडेलिन

२९ सप्टेंबर २०२४

सेवेरिन,

पत्र परत आलं. पाकिटावर "घ्यायचं नाही", तुझ्याच डावखुऱ्या अक्षरात. पोस्टातल्या बाईने ते माझ्या हातात देताना खिडकीबाहेर बघितलं. राग आला मला. मनात म्हटलं, राहू दे, मला तरी कुठे हौस आहे. तरी बसलोच लिहायला. आपला हेकटपणा एकाच घरातला आहे.

ओटिली तुझ्या परवानगीला थांबली नाही. पोटमाळ्यावर तुझे आराखडे सापडले, त्यावरून तिने नवीन बोल्ट आणि चाप केला. मग नुसती स्फोटाची टोपी असलेली, गोळी नसलेली काडतुसं घालून बोल्ट आपटायला सुरुवात केली. हाताने शंभर वेळा. मग लाकडी हातोडीने शंभर वेळा. शेजारच्यांनी विचारलं, घर पाडताय का. एकदाही सुटली नाही.

जेवताना माझ्याकडे बघून म्हणाली, "पप्पा, मग त्या दिवशी कशी सुटली?"

"थंडी होती."

"उणे दोन. मी जुनं हवामान काढून बघितलं."

"तेल घट्ट झालं असेल."

"तेल घट्ट झालं तर पिन हळू पडते, पप्पा. आपोआप सुटत नाही. हे मला तुम्हीच शिकवलंय."

मी म्हटलं, जेव. तिने बशी बाजूला सारली.

सेवेरिन, तिला नाही सांगता आलं, तुला सांगतो. आपोआप नव्हती सुटली. मी चाप ओढला होता.

मी ओढ्याजवळच्या मचाणावर होतो. हाका संपत आला होता. मोठा डुक्कर झाडीतून निघाला, मी मारली, चुकली. तुझा बोल्ट मागे-पुढे केला, दुसरं काडतूस आत गेलं. काय सुंदर चालला रे तो. आणि तेवढ्यात हाक्याच्या प्रमुखाचं, कोलोमानचं, शिंग वाजलं. दोन लांब, मग उतरता सूर. शिकार संपली. यानंतर काय करायचं ते आपल्याकडे शाळेतल्या मुलालाही माहीत असतं: काडतूस काढायचं, बोल्ट उघडा ठेवायचा, आणि कुणीही, काहीही झालं तरी, गोळी मारायची नाही. कारण शिंग वाजलं की हाकारे झाडीतून बाहेर यायला लागतात. तुझ्या रायफलीत तर नुसती अंगठ्याने स्प्रिंग सैल करायची होती. मी केली नाही. मघाचा डुक्कर परत फिरेल असं मला वाटत होतं. आल्डरच्या झुडपात काहीतरी हललं आणि मी मारली.

हान्झीने शिंग ऐकलं होतं, म्हणूनच तो त्या वाटेने येत होता.

ओढ्याचा आवाज होता, डोंगराचा प्रतिध्वनी होता. शेजारच्या मचाणावरच्यांना शिंग आधी की गोळी आधी हे छातीठोक सांगता येईना. मी सांगितलं, शिंगाच्या आधी. बोल्ट ढकलत होतो आणि ती आपली आपण सुटली. तोंडातून निघून गेलं. एकदा निघाल्यावर गिळता आलं नाही. एवढंच माझ्या हातून झालं.

वेंडेलिन

२० ऑक्टोबर २०२४

सेवेरिन,

दुसरंही परत आलं. तू वाचणार नाहीस हे आता नक्की. आणि कबूल करतो, त्यामुळे लिहिणं सोपं झालंय. मागच्या पत्रात शेवटी लिहिलं होतं की एवढंच झालं. एवढंच नाही झालं.

काल ओटिलीने लोखंडी कपाटातून ती जुनी रायफल काढली. खटल्याच्या निकालानंतर ती आपल्याला परत मिळाली होती, तेव्हापासून कुणी हात लावला नव्हता. चापाचा तुकडा दोन बोटांनी दाबून बाहेर काढला, उघडला, आणि पिनेला अडवून धरते ती छोटी खीळ भिंगाखाली धरली. नखाएवढी वस्तू. बराच वेळ बघत होती. मी दुसऱ्या टेबलावर उगाच एक नळी पुसत होतो.

"पप्पा, इकडे या."

"काम आहे मला."

"या हो."

गेलो. म्हणाली, "या खिळीच्या कडेवर कानस मारलीय. पाणी दिल्यानंतर मारलीय, कारण ओरखड्यांत पाणी दिल्याचा निळा रंग नाही. दोनच हात. धार बोथट होऊन धक्क्याने पिन निसटायला पुरेत."

"सेवेरिनचीच घाई असेल. शेवटचे दिवस गडबडीत गेले होते."

"काका डावखुरा आहे. त्याच्या सगळ्या तुकड्यांवर कानशीच्या रेघा डावीकडे झुकतात. या उजवीकडे झुकतात." मग तिने भिंग खाली ठेवलं. "या वर्कशॉपमध्ये तेव्हा उजव्या हाताचं कोण होतं?"

वडिलांचे हात तेव्हा थरथरत होते, त्यांना कानस धरवत नव्हती. हे तिलाही माहीत आहे.

हान्झीला हेलिकॉप्टरने नेलं. त्या धावपळीत रायफल माझ्याच खांद्यावर राहिली, घरी आली. पोलीस म्हणाला, उद्या नऊला घेऊन जातो. सकाळी सहाला मी वर्कशॉपमध्ये होतो. तुझी रायफल आपोआप सुटतच नाही हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? सहा महिने मीच ती आपटून, पाडून, बर्फात पुरून तपासली होती. तज्ज्ञानेही तेच लिहिलं असतं. मग माझा परवाना गेला असता, कदाचित तुरुंग, वर्कशॉपला कुलूप. कानशीचे दोन हात, सेवेरिन. दहा सेकंद. तज्ज्ञाने दहा वेळा बोल्ट आपटला, तीन वेळा सुटली.

वर्कशॉप वाचवायला केलं असं मी स्वतःला सांगत आलो. तेही पुरतं खरं नाही. त्या वर्षी गावात जो येई तो तुझं नाव घेत येई. माझ्या हाताखाली कानस धरायला शिकलेलं पोर, आणि लोक मलाच विचारायचे, "सेवेरिन आहेत का?" मला जळजळायचं. हे लिहिताना लाज वाटतेय, पण वाटत होतं ते वाटत होतं.

आणि कोर्टात तू काय केलंस? मला वाटलं होतं तू भांडशील. खीळ मागशील, भिंग मागशील, आणि मी पकडला जाईन. तू उभा राहिलास आणि म्हणालास, "माझा भाऊ म्हणतो आपोआप सुटली, तर सुटली असेल. तो खोटं बोलत नाही. माझ्या पाणी देण्यात कमी राहिली असणार." तू स्वतःच्या हातच्या पोलादावर अविश्वास दाखवलास आणि माझ्यावर विश्वास ठेवलास. मी समोर बसलो होतो. टोपी मांडीवर होती. तिची कड नीट करत बसलो.

पुढच्या महिन्यात तू हत्यारं विकलीस. जाताना मला एवढंच म्हणालास, "त्याचा पाय माझ्यामुळे अधू झाला, दादा. मला तुमची तोंडं बघवत नाहीत." लोकांना वाटलं तू रागावून गेलास. मीही लोकांना तसंच वाटू दिलं.

ओटिली आज म्हणाली, "मी कुणाकडे जाणार नाही. सांगायचं ते तुमचं तुम्ही सांगा. पण काका तिकडे हान्झीचा गुडघा स्वतःच्या डोक्यावर घेऊन जगतोय, आणि इथे तुम्ही मला कानस कशी धरायची ते शिकवताय. मला हे नाही जमणार." तिने आपली हत्यारं गुंडाळून ठेवली आहेत.

पुढच्या महिन्यात शिकाऱ्यांच्या संताचा, हुबर्टसचा हाका आहे. सगळे असतील.

वेंडेलिन

११ नोव्हेंबर २०२४

सेवेरिन,

शनिवारी हाका झाला. मी गेलो, पण काडतुसं घरी ठेवून. मचाणावर दोन तास नुसता बसलो. एक मादी पिलं घेऊन दहा पावलांवरून गेली, तिने माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

दुपारी सराईसमोर जनावरं ओळीने मांडली, प्रत्येकाच्या तोंडात मानाची म्हणून फर झाडाची डहाळी. मी असा तंद्रीत होतो की पलीकडे जायला सरळ एका डुकराला ओलांडून गेलो. मेलेल्या जनावराला ओलांडायचं नाही, हे मला वडिलांनी कान पिळून शिकवलेलं. सगळे ओरडले, "कोर्टात! कोर्टात!"

आपलं ते जेवणानंतरचं लुटुपुटीचं कोर्ट अजून तसंच भरतं. न्यायाधीश आता हान्झी असतो. एरवी लाकडाच्या वखारीत वजनकाट्यावर काम करतो, आणि गावात त्याच्याइतकं हसवणारं कुणी नाही. बायकोचा काळा रेनकोट अंगावर, हातात रश्श्याचा डाव. कोलोमानने मला दंडाला धरून पुढे आणलं.

"महाराज, आरोपी वेंडेलिनने डुकराला ओलांडलं!"

"जिवंत की मेलेलं?"

"मेलेलं, महाराज!"

"मग तक्रार कुणी केली?"

सराई हसली. हान्झीने डाव आपटला. "शिक्षा, सुरीच्या सपाट पात्याने बुडावर तीन फटके. वय बघता बायकोसमोर देणार नाही. आरोपी, आणखी काही गुन्हा पोटात असेल तर आत्ताच ओक. मागाहून निघाला तर दुप्पट!"

इथे प्रत्येकाने काहीतरी गमतीचं कबूल करायचं असतं. गेल्या वर्षी कोलोमानने सांगितलं होतं की सासूचा केक त्याने कुत्र्याला घातला. मी म्हटलं, "मी एकदा शिंग वाजल्यानंतर गोळी मारली."

"अरे बाप रे!" कोणीतरी टेबल बडवलं. "सहा फटके!"

"२०१० साली," मी म्हटलं. "ती तुझ्या गुडघ्यात आहे, हान्झी."

तरी दोघं-तिघं हसले. मग हसणं एकेक करत थांबलं. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर पुन्हा जमलं नसतं. चाप मी ओढला, कानस मी मारली, सेवेरिनच्या रायफलीत काही खोट नव्हती, कधीच नव्हती, हे सगळं त्या भरल्या टेबलासमोर सांगितलं. रश्श्यावर साय धरली तरी कुणी चमचा उचलला नाही.

हान्झीने रेनकोट काढला, घडी केली, खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

"शिंग आधी वाजलं होतं," तो म्हणाला.

"हो."

"मी ऐकलं होतं."

"हो."

"मी पोलिसाला सांगितलं होतं. तो म्हणाला, एवढ्या कळा आल्यावर माणसाला आधीचं-नंतरचं कळत नाही. डॉक्टर तेच म्हणाला. बायको म्हणाली, सोड ना रे आता. मग मी सोडलं. वेंडेलिन, चौदा वर्षं मी माझ्याच कानांना खोटं म्हणत आलो. शिंग वाजलं की मला वाटतं, खरंच वाजलं का?"

मला वाटलं होतं तो मला मारेल. मारायला हवं होतं. त्याने विचारलं, "सेवेरिनला ठाऊक आहे?"

"नाही. माझी पत्रं तो घेत नाही."

"तो मला लिहितो, माहीत आहे का? दर नोव्हेंबरात. माफी मागतो. गुडघा कसा आहे विचारतो. चौदा पत्रं आहेत. मी एकालाही उत्तर दिलं नाही. मुद्दाम. म्हटलं, भोगू दे."

मग तो खाली बसला आणि सगळ्यांसमोर रडला. मीही रडलो, पण माझ्या रडण्याला तिथे काही किंमत नव्हती आणि ते बरोबरच होतं. कोलोमानने नुसता हात पुढे केला. मी शिकारीचं कार्ड त्याच्या हातात दिलं.

आज सकाळी ठाण्यात लेखी जबाब दिला. तिथली अधिकारी म्हणाली, इतक्या वर्षांनी खटला बहुधा उभा राहणार नाही, पण तज्ज्ञाच्या अहवालाला हा जबाब जोडला जाईल. एक प्रत सोबत आहे. एक परीक्षकांना गेली. माझ्या बंदुका ठाण्यात जमा केल्या. वर्कशॉपवरची पाटी उतरवली, ओटिलीला वाटलं तर ती तिच्या नावाची लावेल. ती माझ्याशी अजून कामापुरतंच बोलते. पण आज आली, हत्यारं उलगडली, आणि तुझ्या पाकळ्या घासायला बसली.

परत ये म्हणत नाही. क्षमा कर असंही म्हणत नाही, तो हक्क मी गमावलाय. एवढंच सांगायचं होतं की त्याचा पाय तुझ्यामुळे अधू झाला नाही. तुझं पोलाद बरोबर होतं. तू घडवलेल्या वस्तूने कुणालाही इजा केली नाही. हे मी तुला त्याच दिवशी सांगायला हवं होतं.

दुपारी हान्झी दारात आला. म्हणाला, "पत्र लिहिलंस?"

"लिहितोय. पण परत येईल."

"पोस्टाने टाकलंस तर परत येईल. माझ्याकडे दे. उद्या सकाळची गाडी आहे."

म्हटलं, मीही येतो बरोबर. त्याने नकाराची मान हलवली. "तू मागाहून. चौदा पत्रांची उत्तरं राहिलीत माझ्याकडून. माझी माफी आधी मागून होऊ दे."

आधीची दोन्ही पत्रं आणि न पाठवलेलं तिसरं यातच घातली आहेत.

वेंडेलिन

पाकिटावर

सेवेरिन, दारात उभा आहे तो हान्झी. तुझे चार मजले चढून आलाय आणि गुडघा दुखतोय हे तो स्वतःहून सांगणार नाही. पत्र राहू दे. आधी त्याला आत घे, बसायला खुर्ची दे.